माझ्या तोंडून कोण बोललं?

मित्रांनो, मी एक जुना ड्रॅगन आहे. घाबरू नका, मी फायबरचा आहे. आणि कृपा करून हातही जोडू नका. हात जोडून समोर उभ्या राहणाऱ्या माणसांची मला हल्ली जास्त धास्ती वाटते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, फायबरच्या ड्रॅगनला कसला आलाय संशय! पण ज्याच्या कानातून दुसराच ऐकतो आणि ज्याच्या तोंडातून दुसराच बोलतो, त्याला संशय येणार नाही तर कुणाला येणार?

माझा जन्म ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साईनाथ नावाच्या कारागिराने मला घडवलं. एरवी तो बागांसाठी मगरी बनवायचा, हॉटेलांच्या दारात उभे करायला लठ्ठ आचारी बनवायचा. एके दिवशी एक शेठ मोबाइलवर चित्र घेऊन आले. चित्र एका जपानी कार्टूनमधलं होतं. त्या गोष्टीत म्हणे विखुरलेले मणी कुणी गोळा करून आणले की आभाळ काळवंडतं आणि ढगांतून लांबच लांब हिरवा ड्रॅगन खाली येतो. तो विचारतो, "बोल, तुझी इच्छा काय?" आणि मागितलेलं देतो.

"काहीही मागितलं तरी?" साईनाथने विचारलं.

"तसं नाही. त्याच्या ताकदीबाहेरचं असेल तर तोंडावर सांगतो, हे मला जमणार नाही, दुसरं काही माग."

"मग बरा आहे," साईनाथ म्हणाला. "सरळ नाही म्हणणारा आजकाल मिळतो कुठे?"

ते बोलणं त्याच्या मनात राहिलं असावं. मातीत माझा चेहरा घडवताना त्याने माझ्या भुवया खाली ओढल्या आणि जबडा घट्ट केला. मग साचा निघाला, फायबरचे थर चढले, तारेच्या लांब मिशा लागल्या, हरणासारखी शिंगं बसली, लाल काचेचे डोळे बसले. अंगावरचा एकेक खवला त्याने हाताने रंगवला. शेडमधली बाकीची माणसं काम टाकून मला बघायला यायची. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

पण शेवटच्या दिवशी साईनाथने ड्रिल मशीन आणलं आणि माझ्या उजव्या कानात भोक पाडलं. त्यात बारीकसा माइक बसवला. जबड्याच्या आत स्पीकर ठेवला. दोन्हींच्या वायरी पोटातून शेपटीपर्यंत नेल्या.

"शेपटीचं टोक भिंतीपलीकडच्या खोलीत जाणार," शेठ समजावत होते. "मुलं याच्या कानात इच्छा सांगतील. पलीकडे बसलेला माणूस ऐकेल आणि याच्या तोंडून बोलेल."

"म्हणजे फसवायचंच की," साईनाथ हसत म्हणाला.

"फसवायचं काय त्यात? मजा असते मुलांची."

मजा असेलही. पण मला तेव्हाच पहिला संशय आला. मजाच करायची तर भिंतीआड बसायचं कशाला?

माझी पहिली नोकरी माजिवड्याला, मुलांच्या एका प्ले झोनमध्ये लागली. माझं डोकं हॉलमध्ये आणि शेपटी मागच्या खोलीत, त्यामुळे दोन्हीकडचं मला कळत असे. मागच्या खोलीत बसायचा बंटी. सडपातळ, बडबड्या, डोक्याला कायम हेडफोन. आवाज मात्र त्याला देवाने दिला होता. तो माइकजवळ तोंड नेऊन खोल आवाजात बोलला की हॉलमधली रडणारी पोरंही गप्प व्हायची.

मुलं माझ्या मानेवर चढायची, मिशा ओढायची आणि कानात कुजबुजायची. कुणाला सायकल हवी असे, कुणाला भाऊ हवा असे, कुणाला होता तो भाऊ नको असे. बंटी प्रत्येकाला छान उत्तर द्यायचा. "सायकल देईन, पण आधी भेंडी खायची!" मुलं खिदळायची. तो काळ चांगला होता. माझा संशय झोपी गेल्यासारखा झाला होता.

एकदा दिशा नावाच्या मुलीचा वाढदिवस तिथे झाला. कल्याण-डोंबिवलीच्या मध्ये एक जुनं गाव आहे. पूर्वी तिथे भातशेती आणि मिठागरं होती, आता इमारती आहेत. त्या गावातलं हे कुटुंब. वडील विकी, आई कल्पिता आणि आजी कमळाबाई. दिशा तेव्हा पहिलीत होती. सगळी मुलं माझ्या कानाशी रांग लावून उभी असताना ही पोरगी माझ्या पाठीवरून हात फिरवत फिरवत शेपटीपर्यंत गेली, भिंतीला वळसा घातला आणि मागच्या खोलीचं दार ढकलून आत शिरली.

"अच्छा! तू बोलतोयस होय!"

बंटी दचकला. मग हसला आणि तिच्या हातात चॉकलेट ठेवलं. "कुणाला सांगू नको हं. सीक्रेट आहे."

दिशाने चॉकलेट खाल्लं. बाहेर येऊन माझ्याकडे एकदा खालून वरपर्यंत बघितलं आणि पुन्हा काही माझ्या कानाशी आली नाही. मला ती पोर आवडली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एक बाई आली. तिच्याबरोबर मूल नव्हतं. हॉल जवळजवळ रिकामा होता. ती माझ्या मानेला टेकून उभी राहिली आणि कानात म्हणाली, "माझं घरी कुणी ऐकत नाही. तू तरी ऐक." आणि रडायला लागली. बंटीने हेडफोन कानावर घट्ट दाबला. मग त्या खोल आवाजात हळू बोलला, "मी ऐकतोय. सगळं ठीक होईल."

बाईने डोळे पुसले. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि गेली. मागच्या खोलीत बंटीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एकटाच होता, तरी मोठ्याने म्हणाला, "काय पावर आहे यार ह्याच्यात!"

माझा झोपलेला संशय तेव्हा खडबडून जागा झाला.

पुढे साथ आली, कुलपं लागली, प्ले झोन बंद पडला तो पडलाच. मी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एका गोदामात पडून राहिलो. माझ्या जबड्यात उंदरांनी घर केलं. शेठना जागा मोकळी करायची होती. ते म्हणाले, "कुणी नेत असेल तर फुकट न्या." बंटी टेम्पो घेऊन हजर झाला. कितीतरी दिवसांनी ओळखीचा आवाज ऐकून मला आनंद झाला, हे कबूल करतो. पण टेम्पोत चढवताना तो ड्रायव्हरला म्हणाला, "जपून रे, कानाला धक्का नको लागायला." शिंगं जप म्हणाला नाही, डोळे जप म्हणाला नाही. कान जप म्हणाला.

टेम्पो विठ्ठलवाडीला आला. स्टेशनपासून आत, गॅरेजच्या ओळीमागे एक लांबट हॉल होता. बंटीने माझा हिरवा रंग झाकून वर सोनेरी फासला. गळ्यात झेंडूचा हार घातला, पुढे समई आणि तीर्थाचा तांब्या ठेवला. भिंतीला भोक पाडून माझी शेपटी पुन्हा मागच्या खोलीत गेली. त्या दारावर लाल पडदा आला. तो 'गाभारा' झाला, आत कुणी जायचं नाही. रांग सांभाळायला धोंडिबा नावाचा एक वयस्कर गृहस्थ आपणहून येऊ लागला. तो साधा, भाविक माणूस होता. बंटी म्हणजे बाबांचा सेवक आणि मी म्हणजे बाबा, असं तो मनापासून मानायचा. रोज सकाळी माझे खवले ओल्या फडक्याने पुसायचा. इतक्या मायेने मला कुणी पुसलं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याच्याकडे बघवत नसे.

लोक मला ड्रॅगनबाबा म्हणू लागले. ते कानात कुजबुजायचे, शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू. आणि मी त्याच गोष्टीवर नेमकं बोलायचो. मी म्हणजे बंटी. लोकांच्या अंगावर काटा यायचा. "बघितलंस? ओठ हलले नाहीत तोवर बाबांनी ओळखलं!"

सुरुवातीला बंटी गुळमुळीतच बोलायचा. धीर धर, चांगलं होईल, वेळ बदलेल. पण चांगलं झालं नाही म्हणून लोक परत येऊ लागले. मला वाटलं, आता तरी हा सांगेल, हे मला जमणार नाही. बंटीने वेगळीच युक्ती काढली. काम झालं नाही तर दोष मागणाऱ्याचा. तू अमुक खाल्लंस म्हणून झालं नाही, तू तमक्याकडे गेलीस म्हणून अडलं. एकदा दोष दिला की माणूस खाली मान घालून जायचा आणि पुढच्या गुरुवारी अधिक घाबरून यायचा.

अशाच एका गुरुवारी कल्पिता आली. मी तिला लगेच ओळखलं, तिने मला ओळखलं नाही. सोनेरी रंगाखाली मी तिला कसा दिसणार? ती माझ्या कानाशी वाकली. "माझ्या मुलीला फिट येतात. गोळ्या चालू आहेत, पण मधूनच एखादी येते. ती पूर्ण बरी होऊ दे. मोठी होतेय, लोक काय काय बोलतात."

"तुझी लेक बरी होईल," माझ्या तोंडून आवाज आला. "तिच्या डोक्यातली वीज मी शांत करीन."

कल्पिताने चटकन हात जोडले. फिट हा शब्द तिने किती हळू उच्चारला होता!

ती पुन्हा आली, त्यानंतर पुन्हा आली. दिशाला मध्ये एक फिट येऊन गेली होती. त्या दिवशी मागच्या खोलीत बंटी वेफर्स खात होता. त्याने बोटं पँटला पुसली, बटण दाबलं आणि म्हणाला, "तुझा विश्वास अर्धा आहे. एक पाय माझ्या दारात आणि एक डॉक्टरच्या. त्या गोळ्या बंद कर. समोरचं तीर्थ दे."

मित्रांनो, माझा जबडा फायबरचा आहे. तो मिटत नाही. मिटता आला असता तर मी त्या क्षणी तो कायमचा मिटला असता.

पुढचं काही मी पाहिलेलं नाही, ते नंतर दिशाच्या आणि आजीच्या बोलण्यातून कळलं. कल्पिताने गोळ्या खरंच बंद केल्या. दिशाला सांगितलं, डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या आहेत. विकीला काहीच सांगितलं नाही. पण घरात कमळाबाई होत्या. कमळाबाई म्हणजे माझ्याच जातीच्या. भाजीवाल्याचा काटा स्वतः हातात घेऊन बघतील, दूध आलं की आधी वास घेतील, फोनवर कुणी गोड बोललं की फोन ठेवून देतील. घरात सगळे त्यांना हसत. त्यांनी सुनेला विचारलं, "पोरीची गोली कुठं हाय? जेवल्यावं घेताना दिसत नाय ती."

"बदलली आहे, आई. सकाळची झाली आता."

"सकाली बी मना दिसली नाय."

"तुमचं आपलं काहीतरीच, आई!"

पुढच्या गुरुवारी कल्पिता लेकीला घेऊन निघाली, तेव्हा कमळाबाईंनी पायात चपला सरकवल्या. "मी बी येतंय. मना बी बगू दे तुझा बाबा."

तिघी माझ्यासमोर आल्या. दिशा आता सातवीत होती. उंच झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "बाबा, हीच माझी लेक," म्हणत आईने तिला पुढे केलं. ती पोर माझ्याकडे बघत राहिली. शिंगांकडे, मिशांकडे, लाल डोळ्यांकडे. मग तिची नजर माझ्या पाठीवरून मागे मागे सरकत भिंतीतल्या भोकापर्यंत गेली. तेवढ्यात माझ्या तोंडून आवाज आला, "ये मुली, घाबरू नकोस."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आई, हा आवाज..." एवढंच ती बोलली. तिचा चेहरा एका बाजूला खेचला गेला, हात ताठ झाले आणि ती माझ्या पायाशी कोसळली.

तिचं सगळं अंग झटके देऊ लागलं. लोक मागे सरकले आणि कुणीतरी ओरडलं, "अंगात आलं! पोरीच्या अंगात बाबा आले!" बायकांनी हात जोडले. एकीने कुंकू आणलं. मागच्या खोलीत बंटीला नुसता गोंगाट ऐकू येत होता. त्याने तेवढ्यावरून अंदाज बांधला आणि बटण दाबलं. "होय," माझं तोंड म्हणालं, "हा माझाच संचार आहे."

"आग लागो तुझ्या संचाराला!" कमळाबाई गरजल्या. "सरा! हवा येव दे पोरीला!" त्यांनी पदराची घडी तिच्या डोक्याखाली सरकवली, तिला कुशीवर वळवलं. कुणीतरी चप्पल नाकाला लावायला पुढे केली, ती हिसकून लांब फेकली. कल्पिता जागच्या जागी उभी होती. तिचे हात अजून जोडलेलेच होते.

फिट थांबली, लगेच दुसरी आली. धोंडिबाने धावत जाऊन रिक्षा आणली. तिघी गेल्या. जमिनीवर दिशाची एक चप्पल आणि कुंकवाची सांडलेली डबी राहिली. आणि बंटी मागे हेडफोन काढून खिडकीतून बाहेर बघत बसला होता. त्याने एकदा कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं, आता हा उठेल, दार उघडेल, लोकांसमोर येऊन खरं सांगेल. त्याने पाणी प्यायलं आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद आहे?" कल्पिता भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अशी अचानक बंद केली तर फिट उसळून येतात, कधी कधी थांबतच नाहीत. वेळेवर आणलंत. विकी चिडून काहीतरी बोलणार होता, पण कमळाबाईंनी त्याचा दंड धरला. "तिला नको बोलू. तिच्या तोंडाकरं बग आदी. ज्यानं सांगितला त्याचा बगू."

दोन दिवसांनी दिशा नीट बोलू लागली. तिने पहिल्यांदा आजीलाच हाक मारली. "आजी, तो माजिवड्याचा ड्रॅगन आहे. माझ्या बर्थडेला होता तो. तेव्हा हिरवा होता. त्याच्या कानात माइक आहे. मागे एक माणूस बसतो, मी बघितलेलं त्याला."

"खरा सांगतंस?"

"आजी, मी त्याच्या हातचं चॉकलेट खाल्लंय."

कमळाबाईंनी डोळे बारीक केले. विकी म्हणाला, "आताच चार पोरं घेऊन जातो आणि फोडतो त्याला."

"फोडून काय व्हल? लोक बोलतील, देव फोडला. उद्या दुसरा आनील त्यो. लोकांनी आपल्या कानान आयकला पायजे."

पुढच्या गुरुवारी हॉल भरला होता. 'ज्या मुलीच्या अंगात बाबा आले' तिची गोष्ट सगळीकडे पसरली होती. कमळाबाई रांगेत शांतपणे उभ्या राहिल्या. दिशा त्यांच्या मागे होती, कल्पिता तिच्या मागे. विकी दाराशी थांबला. नंबर आल्यावर कमळाबाई माझ्या कानाशी आल्या. तोंडाला पानाचा वास होता. त्या कुजबुजल्या, "देवा, माझा धाकला पोर दुबईला गेलाय. फोन नाय का काय नाय. त्यो सुखान घरा येव दे."

मी चक्रावलो. या बाईला धाकटा मुलगा कुठला? आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. हसता आलं असतं तर मी हसलो असतो.

"माई," माझ्या तोंडून बंटी बोलला, "तुझा धाकटा मुलगा समुद्रापलीकडे आहे. तो संकटात आहे. मी त्याला पाहिलं. तुझ्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी होतं."

हॉलमध्ये हळहळ पसरली. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. कमळाबाई सगळ्यांकडे तोंड करून वळल्या.

"आयकला काय सगल्यांनी? आता माझा आयका. मना येकुच पोर हाय. त्यो बगा, दारान उबा हाय. विकी, हात वर कर रे."

विकीने ओशाळून हात वर केला.

"यो कवा पनवेलच्या पलीकरं गेला नाय. दुबईला रडला कोन मग?"

कुणीतरी फिसकन हसलं. पण पुढच्या ओळीतला एक माणूस रागाने म्हणाला, "आजी, देवाची परीक्षा घेऊ नये." आणि माझ्या कानातून हे सगळं ऐकणारा बंटी आता घाबरला होता. घाबरलेला माणूस जास्त मोठ्याने बोलतो. "माझी परीक्षा घेणाऱ्याचं घर बसतं!" माझा स्पीकर थरारला. हसणाऱ्याने घाईने कान पकडले. धोंडिबा हात जोडत पुढे आला. "आजी, चला बाहेर. बाबांचा कोप नको."

तेव्हा दिशा पुढे झाली. तिने खिशातून रुमाल काढला, त्याचा घट्ट बोळा केला आणि माझ्या उजव्या कानात खोलवर कोंबला. मग लोकांकडे वळून म्हणाली, "आता विचारा याला काहीही. कार्टूनमधला ड्रॅगन माहितीये ना? त्याला नाही जमलं तर तो सरळ सांगतो, नाही जमणार. हा कधी तसं बोललाय?"

कुणी काही विचारलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मागच्या खोलीत बंटीने हेडफोनवर टिचकी मारली. वायर हलवून पाहिली. काहीच ऐकू येईना. सवयीने त्याचं बोट बटणावर गेलं, आणि भरल्या हॉलमध्ये, समईच्या उजेडात, मी म्हणालो:

"हॅलो. हॅलो. चेक. च्यायला, माइक गेला वाटतं. धोंडिबा! ए धोंडिबा, जरा कानात बघ रे काय झालंय!"

इतकी शांतता मी गोदामातसुद्धा अनुभवली नव्हती.

धोंडिबाच्या हातातला नारळ तसाच राहिला. तो सावकाश चालत लाल पडद्यापाशी गेला. पडदा बाजूला केला, दार उघडलं. आत बंटी हेडफोन लावून बसला होता.

"बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन करू का, असं मी बाबांना विचारलं होतं," धोंडिबा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "थांब म्हणालास. मी थांबलो रे."

मग मात्र गोंधळ उडाला. आतापर्यंत जोडलेले हात नारळ फेकू लागले. एक नारळ माझ्या शिंगावर बसला आणि ते तुटून पडलं. दुसऱ्याने डावा डोळा फुटला. बंटीला लोकांनी बाहेर ओढलं. कमळाबाई मध्ये पडल्या. "मारू नका! पोलीस येव दे." पोलीस आले. जाताना बंटी पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी कुणाचं वाईट नाय केलं. लोकांना धीरच दिला ना मी?" कदाचित त्याला ते खरंच वाटत असेल. माझा मात्र विश्वास नाही.

आता मी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात असतो. मुद्देमाल म्हणून माझ्या मानेला चिठ्ठी बांधली आहे. शेजारी जप्त केलेल्या स्कूटरी आहेत. उन्हाने सोनेरी रंगाचे पापुद्रे निघतात आणि खालचा हिरवा दिसतो. माझी निगा राखणारं कुणी नाही, पण त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. इथे माझ्या तोंडून कुणी बोलत नाही.

गेल्या आठवड्यात तिघी जबाब द्यायला आल्या होत्या. कमळाबाई आत हवालदाराशी वाद घालत होत्या. "परत वाच. मी असा बोललूच नाय." कल्पिता आणि दिशा बाहेर आवारात थांबल्या. दिशाचा चेहरा भरला होता. मला बघताच कल्पिताचे हात नकळत वर आले. लेकीने नुसतं बघितलं, तशी तिने ते खाली घेतले. ती पायरीवर बसली.

"दिशा, मी याच्या कानात आणखी एक गोष्ट विचारली होती," ती म्हणाली.

मला ती गोष्ट माहीत होती. मी ती तुम्हाला सांगितली नाही, कारण ती माझी नव्हती.

"तू पोटात होतीस ना, तेव्हा मी जिन्यावरून पडले होते. कुणालाच सांगितलं नाही मी. मला वाटायचं, त्याच्यामुळेच तुला हे झालं. मी याला विचारलं, माझ्यामुळे झालं का? तो म्हणाला, हो." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग तो जे म्हणेल ते मी करत गेले."

दिशा तिच्या शेजारी बसली. "डॉक्टरांना विचारू ना आपण. आज जायचंच आहे."

"आणि तेही हो म्हणाले तर?"

दिशा तिच्याजवळ सरकली. मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "पडलीस तेव्हा तुला लागलं होतं का गं?"

कल्पिता तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, माझ्या तोंडून बोलणाऱ्यानेही नाही. तिने साडी जराशी वर करून पायावरचा जुना व्रण दाखवला, आणि लेकीने त्यावर बोट फिरवलं.

मित्रांनो, कधीतरी कुणीतरी तुमच्याही कानाशी वाकेल आणि हळूच काहीतरी सांगेल. तेव्हा ड्रॅगन होऊ नका, उत्तर द्यायची घाई करू नका. आधी एवढंच विचारा, लागलं का.